आधी देव आत घ्या

१९ जानेवारी. टेम्पोतून सामान उतरवायचं होतं. गॅसची शेगडी, दोन लोखंडी खाटा, शिलाई मशीन, गाद्या, भांड्यांची पोती, एक ट्रंक. नाशिकहून आदल्या संध्याकाळी निघालो होतो. घाट, हायवे, पुन्हा घाट. सकाळी कोकणातल्या त्या गावात पोचलो तेव्हा माझी कंबर धरली होती. समुद्र अजून दिसला नव्हता. नुसता वास येत होता.

गावाचं नाव लिहीत नाही. एका गावाचं नाव लिहिलं की बाकीची गावं सुटतात.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणतात. आंब्याची, सुपारीची बाग. रस्त्याच्या कडेला पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. आणि बागेच्या मागच्या अंगाला एक जुनं कौलारू बिऱ्हाड. ते आम्हाला भाड्याने मिळणार होतं. अण्णांची बायको, काकू, बिऱ्हाडाच्या दारात ताट घेऊन उभी होती. तिने आम्हा नवरा-बायकोवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला कुंकू लावलं. मी उंबऱ्यावर पाऊल टाकणार, तेवढ्यात तिने हात आडवा धरला.

"थांबा वहिनी. आधी देव आत घ्या. आमच्याकडे तसंच करतात. देव, मग मीठ, मग पाणी. माणसं मागून."

मी म्हटलं, "बरं."

टेम्पोच्या फाळक्यावर ट्रंक होती. मी ती उघडली. वरचं जुनं लुगडं बाजूला केलं. बुद्धाची मूर्ती काढली, टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मग फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. काचेला तडा गेला नव्हता. मला तेवढंच बघायचं होतं. फोटो छातीशी धरून मी वळले.

काकूच्या हातातलं ताट खाली आलं. हळूहळू. आधी छातीपर्यंत, मग कमरेपर्यंत. निरांजन तिने फुंकून विझवलं.

"हे... तुमच्यात हेच का?"

"हो," मी म्हटलं. "आमच्यात हेच."

"थांबा हं." ती आत गेली. मोठ्या घरात. दार लोटून घेतलं.

मी फोटो घेऊन उन्हात उभी. टेम्पोवाले रफिकभाई गादी खांद्यावर घेऊन उभे. म्हणाले, "भाभी, उतरवू की नको?"

नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की असं होऊ शकतं हे त्याला माहीत होतं.

सांगते. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. बरीच वर्षं त्याच्याकडे नाशिकहून या गावाला येणारी मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी पोचायचं, रात्री इथेच राहायचं, सकाळी परत. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला कोकणात मान असतो. औषधं, पार्सलं, मुलांची पुस्तकं, सगळं तोच आणतो. अण्णांच्या पडवीत त्याला झोपायला जागा होती. जेवायला मासे-भात. हा नाशिकहून कांद्याची गोणी न्यायचा, द्राक्षं न्यायचा, तिकडून कोकम आणि सुके मासे आणायचा. घरी आला की त्याचं तोंड दिवसभर गोड असायचं.

"काय माणसं हायेत! समुद्राची माणसं. कुणी काय विचारत नाय. बस म्हणत्यात, जेव म्हणत्यात."

मी ऐकायचे. शिवत असायचे आणि ऐकायचे. मला वाटायचं, त्यांना माहीत असेल आणि तरी विचारत नसतील. त्याच्या सांगण्यातूनही तसंच वाटायचं, पण खरं वेगळं होतं. आमचं आडनाव मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, आमच्यातही आहे. नाशिकचा, द्राक्षं आणणारा, धिप्पाड, मिशा राखलेला. त्यांनी हवं ते धरलं. याने ते धरू दिलं. लपवलं नाही, सांगितलं नाही. जेवत राहिला.

तो निवृत्त झाला आणि पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्या गेल्या. मालक म्हणाला, कुंभमेळा येतोय, मला वर मजले चढवून भाविकांसाठी लॉज करायचाय. त्याच्या जागेचं त्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. आम्ही दुसरीकडे बघायला लागलो. नाशकात तेव्हा सगळ्यांचीच भाडी अंगात आल्यासारखी झाली होती. एजंट फोनवर विचारायचे, "ताई, नॉनव्हेज खाता का?" मी म्हणायचे, "तुम्हाला नॉनव्हेज विचारायचंय की जात?" तिकडून फोन बंद. एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, मला सगळं चालतं. सोसायटीला चालत नाही." सोसायटी म्हणजे कोण, हे मला आजपर्यंत कुणी दाखवलेलं नाही. सगळी माणसं एकेकटी भेटतात आणि एकेकट्यांना सगळं चालतं.

त्यात हा एक दिवस उड्या मारत आला. अण्णांना फोन केला होता. अण्णा म्हणाले होते, "अहो ड्रायव्हरसाहेब, विचारताय काय? मागचं बिऱ्हाड रिकामंच आहे. या वहिनींना घेऊन. घर आपलंच आहे." भाडं नाशिकच्या निम्म्याहून कमी. माझी मशीन कुठेही चालते. शाळा तिथेही आहेत, गणवेश तिथेही लागतात. मी हो म्हटलं. पंचवटीची किल्ली मालकाच्या हातात ठेवली. परत जायला जागा ठेवली नाही. ठेवायला परवडत नव्हतं.

तर त्या सकाळी मी उन्हात उभी होते.

अण्णा बाहेर आले. पांढरा सदरा, गळ्यात बारीक साखळी. माझ्याकडे बघितलं नाही. फोटोकडे तर नाहीच. म्हणाले, "ड्रायव्हर, जरा इकडे या."

साहेब गेलं होतं. आता नुसता ड्रायव्हर.

दोघं पडवीच्या टोकाला गेले. काकूने चहा पाठवला. घरातल्या मुलीच्या हातात ट्रे. त्यात कागदी कप. पर्यटकांसाठी ठेवतात ते, पिऊन फेकायचे. पडवीच्या फळीवर कपबश्या उपड्या घातलेल्या दिसत होत्या, निळ्या फुलांच्या. याने मला कितीदा त्या कपबश्यांचं वर्णन केलं होतं. रफिकभाईंनी कागदी कप उचलला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ठेवला. "पोट बरं नाही," म्हणाले.

अण्णा हळू बोलत होते, पण बागेत शांतता असते. ऐकू येत होतं.

"माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. पण आई आहे घरात, भावकी आहे. आणि जागेला राखणदार आहे. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागतं, नवं माणूस राहायला आलं की. कुळाचं नाव घ्यावं लागतं. काय नाव घेऊ मी तुमचं?"

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"आता आलाच आहात तर एक करू. ते फोटो-बिटो ट्रंकेतच राहू दे. मी गाऱ्हाणं माझ्या पद्धतीने घालतो. तुम्ही मागच्या पायवाटेने ये-जा करा. विहिरीवर वहिनींनी जाऊ नये, गडी पाणी काढून देईल. आणि कुणी विचारलं तर, नाशिककडचे, द्राक्षवाले. एवढंच. बाकी आपलं आहे तसंच. संबंध का तोडायचे?"

नवरा माझ्याकडे आला. कपाळावर घाम. जानेवारीतला.

"ठेव ना ट्रंकेत," तो म्हणाला. "मनात ठेव. मनातून कोण काढतंय?"

"मनात आहेच. घरात पाहिजे."

"येड्यावानी करू नको. कुठं जाणार हायेस? नाशकात काय हाय आता आपलं?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. काही नव्हतं. हे मी आजही मान्य करते. उत्तर असतं तर नाही म्हणणं सोपं होतं.

मला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. बारा गावचं पाणी प्यायलं तरी अशी गोष्ट जात नाही. मी सोळा वर्षांची, सायखेड्याच्या शिवारात द्राक्षं पॅक करायला जायचे. आई, मी, आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया. घड कात्रीने साफ करायचे, खराब मणी काढायचे, पेटीत भरायचे. चांगला माल परदेशात जायचा. हंगामाची पहिली पेटी देवाची. मालक ती गडावरच्या देवळात पाठवायचा. पहिल्या दिवशी माझ्यासमोर जी रिकामी पेटी आली ती मी भरायला घेतली. मालकीण धावत आली. पेटी माझ्या हातातून ओढून घेतली, भरलेले घड बाहेर उपसले, ते दुसऱ्या पेटीत टाकले.

"अगं ही देवाची हाय. ही तू नको. तू परदेशाची भर."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. परदेशातल्या गोऱ्यांना माझा हात चालतो आणि पंधरा कोसांवरच्या देवाला चालत नाही, यात हसण्यासारखं होतंच. आई हसली नाही. संध्याकाळी घरी येताना एवढंच म्हणाली, "झाडाला पाणी कोण घालतं, ते देव बघत नाय जणू." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला गेली. मीही गेले. पोट होतं.

त्या सकाळीही पोट होतंच. पण आता मी पन्नाशीची होते आणि ट्रंकेत घालायचं माणूस माझं होतं.

मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"माझ्याशी बोला. घर मी घेणार होते. भाडं माझ्या शिलाईतून जाणार होतं."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. आम्ही बोलतोय."

"इतकी वर्षं हे तुमच्या पडवीत झोपले. तुमच्या ताटात जेवले. तेव्हा तुमचा राखणदार काय करत होता?"

"तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं."

"म्हणजे राखणदारालाही कळलं नव्हतं?"

रफिकभाई खोकले. हसू दाबलं असावं. अण्णांचा चेहरा लाल झाला.

"जीभ आवरा बाई. नाशिकची हुशारी नाशकात. आम्ही चांगलं वागलो म्हणून डोक्यावर बसता? फसवलंत तुम्ही. माझ्या आईच्या हातचं खाल्लंय या माणसाने. खोटं बोलून."

"विचारलं होतं का तुम्ही?"

"विचारावं लागतं? समजून असावं माणसाने!"

समजून असावं. हे वाक्य मी ओळखते. आख्खा कायदा एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

मी आणखी बोलणार होते. पण तेवढ्यात माझ्या नवऱ्याने हात जोडले. सहा फुटांचा माणूस. घाटात ब्रेक गेलेली गाडी एकदा डोंगराला घासून थांबवली होती त्याने, आतल्या सगळ्यांना घेऊन. त्याने हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलं साहेब. माफ करा. आईंना सांगा, माफ करा म्हणावं."

अण्णांनी जे केलं त्याचा मला राग आला. नवऱ्याने जे केलं त्याने जे वाटलं तो राग नव्हे. त्याला शब्द नाही माझ्याकडे. त्याने माफी मागितली ती जेवल्याची. लोकांनी प्रेमाने वाढलेल्या भाताची.

मी रफिकभाईंना म्हटलं, "गादी वर टाका. निघू."

"कुठं भाभी?"

"आधी या फाटकाबाहेर."

काकू खिडकीत होती. आम्ही निघालो तेव्हा तिचे डोळे ओले होते. हेही लिहायला हवं. ओले होते, पण ती बाहेर आली नाही. ओल्या डोळ्यांचा मला त्या दिवशी काही उपयोग नव्हता.

स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, बौद्धवाडी कुठे. त्याने बोट दाखवलं. पूल ओलांडून, खाडीच्या कडेला. तिथे समाजमंदिरासमोर टेम्पो थांबवला. एक बाई अंगणात चुलीचं लाकूड फोडत होती. सुनंदाताई. अंगणवाडीत मदतनीस आहे, हे मागून कळलं. तिने कुऱ्हाड खाली ठेवली, टेम्पोकडे बघितलं, मला बघितलं, मग माझ्या नवऱ्याला. डोळे बारीक केले.

"अगो बाय! ह्ये तर नाशिकच्या गाडीचे डायवरदादा!"

नवरा हसायचा प्रयत्न करत होता.

"इतकी वर्सं गाडी घेऊन येताय, दादा. आमच्या वाडीत कधी पाय नाय टाकलात. आमची पोरं तुमच्याच गाडीने नाशिकला भरतीला गेली. तुम्हाला आम्ही अण्णांच्या पडवीत बघायचो. पाटावर बसून जेवताना. आम्हाला वाटायचं, कोन मोठ्ठे पाटील हायेत!"

ती हसत होती. चिडवत होती. तिला काय झालंय हे माहीत नव्हतं. मी सांगितलं. उभ्याउभ्या, थोडक्यात. तिचं हसू गेलं. नवऱ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही. तो जाऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसला, पाठ करून.

"खोली मिळेल का वाडीत?" मी विचारलं.

"खोल्या लई हायेत. ही बघा, ही बंद, ती बंद. मालक मुंबईला. मे महिन्यात येतात, चुना मारतात, जातात. चाव्या कुनाला देत नाय. त्यांना वाटतं, दिली की गेली." ती म्हणाली. "समाजमंदिरात राहा. पन शनवारी लग्न हाय. त्याच्या आधी उठावं लागेल. नायतर वऱ्हाडासंगं तुम्हालाबी जेवायला बसवतील."

मी हसले. त्या दिवशी एकदाच.

सामान समाजमंदिरात लावलं. खाटा उभ्या, मशीन कोपऱ्यात. रफिकभाईंनी परतीच्या डिझेलचा विषयच काढला नाही. जाताना म्हणाले, "भाभी, मी पण घर शोधलंय नाशकात. मला माहीत आहे." एवढंच बोलले आणि गेले.

सुनंदाताईने भात आणि माशाचं कालवण आणलं. नवरा जेवला नाही. म्हणाला,

"मी सकाळी जातो. सायखेड्याला, भावाकडं. तू बी चल."

"भावाच्या घरात दोन खोल्या आणि आठ माणसं आहेत."

"आपल्या माणसांत तर राहू."

"इथे कोण आहेत मग?"

त्याने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मला या गावात तोंड दाखवता येणार नाय. तुला समजत नाय. लोकं मला मानायची इथं."

"तुला नाही मानायची. त्यांनी जो धरला होता, त्याला मानायची."

हे मी बोलायला नको होतं असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणत नाही. पण बोलल्याने काही झालं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. लग्नाला तीस वर्षं होत आली आणि मला समजलं की हा माणूस आठवड्यातून दोन रात्री दुसरा कुणी होता, आणि त्या दोन रात्रींतच तो खूश होता. ते सुख मी त्याला कधी देऊ शकले नाही. देऊ शकणारही नाही. ते माझ्या हातात नाही.

अण्णांवर तक्रार का केली नाही, असं पुढे एक-दोघांनी विचारलं. केली असती. साक्षीदार कोण? नवरा? त्याने तर माफी मागितली होती. रफिकभाईंना कोर्टाच्या तारखांना नाशिकहून बोलवायचं? आणि अण्णा काय सांगणार, घर दुरुस्तीला काढलंय. सगळीकडे घरं दुरुस्तीला निघालेली असतात. आमचं नाव ऐकलं की कौलं गळतात.

मला आशा नाही. स्पष्ट लिहिते. समुद्राजवळची माणसं मोठ्या मनाची असतात, डोंगरातली साधी असतात, शहरातली सुधारलेली असतात, हे सगळं मी ऐकलं आणि तिन्हीकडे राहायला जागा मागून बघितली. स्वस्त गाव म्हणजे भाडं कमी. बाकी किंमत तीच. ती दुसऱ्या नाण्यात मागतात. आपण कोण ते गिळायचं आणि वर पाणी प्यायचं, तेही दुसऱ्याने ओतलेलं.

पण त्या रात्री एक गोष्ट ठरली. आजवर कुणी विचारलं की मी सांगायचे. विचारलं नाही की गप्प बसायचे. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं समजायचे. पण माझ्या गप्प बसण्यात समोरचा आपल्या सोयीचं माणूस उभं करतो. त्याला जेवायला वाढतो. मग एक दिवस त्या माणसाचा खून होतो आणि त्याचा आळ आपल्या डोक्यावर येतो. यापुढे ती सोय मी कुणाला देणार नाही. कुणी विचारायच्या आधी सांगायचं. नाही म्हणायचं तर त्याने माझ्या तोंडावर म्हणावं, माझं नाव ऐकून, शुद्धीत.

सकाळी नाशिकची गाडी सुटते तेव्हा नवरा उठून गेला. पिशवी घेतली. मी खिडकीची जागा धर म्हटलं, तेवढंच. मी स्टँडवर गेले नाही. नळावर तोंड धुतलं, वेणी घातली, चांगली साडी नेसले आणि पूल ओलांडून बाजारपेठेत गेले.

पहिल्या घरावर पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे. एक म्हातारे गृहस्थ दात घासत बाहेर आले. मी म्हटलं, "खोली बघायला आले. आधी सांगते. आम्ही बौद्ध. पूर्वीचे महार. आता बोला."

त्यांनी ब्रश तोंडातून काढला. "खोली कालच गेली."

"मग पाटी काढा."

दुसऱ्या घरी बाई म्हणाली, असं दारात येऊन कशाला सांगायचं, आम्ही विचारलं का? मी म्हटलं, "मागून विचारता, म्हणून आधी सांगते." तिने सासूला हाक मारली. सासूने नुसता हात हलवला, गुरं हाकलतात तसा. तिसऱ्या घरी मुलगा म्हणाला, बाबा नाहीत. बाबा आतून म्हणाले, सांग नाहीत.

गाव लहान. बातमी माझ्यापुढे चालायला लागली. मी गल्लीत वळायच्या आधी दारं लागायला लागली. एका दारावर मी थाप मारली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, उघडायचा नव्हे, लावायचा. मग एका बाईचा आवाज.

"कोण आहे?"

मी सांगितलं. आधी जात, मग नाव, मग काम काय ते. मोठ्याने. शेजारच्या घरालाही ऐकू जावं इतक्या. आणि शेजारच्या दाराकडे गेले.